बिस्बी '१७ : एका हद्दपारीचा माहितीपट

'बिस्बी '१७' हा अमेरिकी दिग्दर्शक रॉबर्ट ग्रीन यांचा माहितीपट २०१८ मध्ये सनडान्स महोत्सवात प्रथम दाखविण्यात आला. ॲरिझोना राज्यात मेक्सिकोच्या सीमेजवळ वसलेल्या बिस्बी या तांब्याच्या खाणींच्या गावी १२ जुलै १९१७ रोजी घडलेली सामूहिक हद्दपारी हा त्याचा विषय आहे.

पहिल्या महायुद्धामुळे तांब्याला मोठी मागणी होती. त्या वर्षीच्या जूनअखेरीस 'इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड' या संघटनेने खाणींत संप पुकारला. संपकऱ्यांत मेक्सिकन व पूर्व युरोपीय स्थलांतरितांचा भरणा मोठा होता. फेल्प्स डॉज या बलाढ्य कंपनीच्या पाठबळाने शेरीफ हॅरी व्हीलर यांनी सुमारे दोन हजार माणसांना पोलिसी अधिकार व शस्त्रे दिली. ओळखीसाठी त्यांच्या दंडावर पांढऱ्या पट्ट्या होत्या. पहाटे घरोघरी शिरून संपकऱ्यांना पकडण्यात आले व बेसबॉलच्या मैदानावर आणण्यात आले. कामावर परतण्यास राजी झालेल्यांना सोडले; उरलेल्या सुमारे १,२०० जणांना गुरे वाहण्याच्या डब्यांत कोंबून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात नेऊन सोडले. या धरपकडीत दोघांचा बळी गेला. बातमी बाहेर जाऊ नये म्हणून तार व दूरध्वनी आधीच ताब्यात घेतले होते. हे उत्स्फूर्त लोकक्षोभाचे काम नव्हते, हे एवढ्यावरूनच दिसते.

शिक्षा मात्र कोणालाच झाली नाही. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या आयोगाने ही कृती बेकायदेशीर ठरविली, खटलेही भरले गेले. परंतु १९२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विषय संघराज्याच्या नव्हे, राज्याच्या अधिकारातील असल्याचे सांगितले. राज्याच्या न्यायालयातील खटल्यात ज्यूरीने आरोपीला निर्दोष सोडले.

गुन्ह्यावरील बहुतेक माहितीपट गुन्हेगाराचा शोध घेतात. येथे गुन्हेगार पहिल्यापासून ज्ञात आहेत. प्रश्न गावाच्या मौनाचा आहे. ग्रीन यांनी शताब्दीच्या वर्षी, २०१७ मध्ये, बिस्बीच्या रहिवाशांकडूनच त्या दिवसाचे पुनर्नाट्य करविले. खाणी १९७५ पर्यंत बंद पडल्या होत्या, तरी कंपनीविषयीची कृतज्ञता काही घरांत टिकून होती. हद्दपारी योग्यच होती, असे कॅमेऱ्यासमोर सांगणारेही भेटतात. ग्रीन त्यांची टर उडवीत नाहीत, हा चित्रपटाचा मोठा गुण. संपकऱ्याची भूमिका करणाऱ्या एका मेक्सिकन-अमेरिकन तरुणाची आई खरोखरच देशाबाहेर पाठविली गेली होती. १९१७ ची कथा त्याच्या तोंडी वेगळीच वाटते.

एका कुटुंबात त्या दिवशी एका भावाने दुसऱ्याला पकडून गाडीत चढविले होते. त्या दोघांच्या भूमिका त्याच घरातील आजचे दोन भाऊ करतात.