वृद्धांच्या अन्नाची तजवीज : अशोकाच्या शिलालेखांपासून अन्नपूर्णा योजनेपर्यंत

मुंबईच्या उत्तरेस असलेले सोपारा म्हणजे पालि वाङ्मयातील सुप्पारक होय. येथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक खंडित भाग मिळाला. पुढे १९५६ मध्ये, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी, त्याच परिसरात नवव्या लेखाचाही तुकडा सापडला. महाराष्ट्राच्या भूमीवर अशोकाची वाणी जी उरली आहे ती थोडीच आहे. परंतु त्यातला आठवा लेख आमच्या प्रस्तुत विषयाशी थेट निगडित आहे, हा एक सुखद योगायोग म्हणावा लागेल.

पूर्वीचे राजे विहारयात्रेस, म्हणजे मृगयेस आणि मौजेस, निघत असत. राज्याभिषेकास दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीस, म्हणजे बोधगयेस गेला आणि तेथून धम्मयात्रेस प्रारंभ झाला, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. या यात्रेत राजा काय करी, याची एक लहानशी यादी लेखात दिली आहे. श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन व त्यांना दान. वृद्धांचे दर्शन व त्यांच्यासाठी हिरण्याची, म्हणजे सुवर्णाची तजवीज. जनपदातील लोकांची भेट, त्यांना धम्माचा उपदेश आणि त्यांच्याशी धम्मचर्चा. यादीतील दुसऱ्या कलमाकडे अभ्यासकांचे म्हणावे तितके लक्ष गेलेले नाही.

याचे एक कारण भाषिक आहे. गिरनारच्या पाठात येथे 'थैर' हा शब्द आला आहे. तो पालि 'थेर' या शब्दाशी जुळतो, आणि थेर म्हटले की आपणांस भिक्खुसंघातील ज्येष्ठ भिक्खू आठवतात. हा अर्थ घेतला तर सुवर्णाची ही व्यवस्था संघासाठी केलेली ठरते आणि सामान्य वृद्धांचा प्रश्नच उरत नाही. आम्हांस हे मान्य नाही. कालसी आणि शाहबाजगढी येथील पाठांत याच स्थानी 'वुढ' म्हणजे वृद्ध हा शब्द आहे. एकाच राजाज्ञेचे निरनिराळ्या प्रांतांतील लिपिकारांनी केलेले हे पाठ आहेत. तेव्हा एका ठिकाणच्या संदिग्ध शब्दाचा अर्थ इतर ठिकाणच्या असंदिग्ध शब्दावरून लावणे, ही साधी पाठचिकित्सा झाली. शिवाय श्रमणांचा उल्लेख त्याच वाक्यात आधी येऊन गेला आहे. भिक्खूंनी सुवर्ण स्वीकारणे विनयास संमत नाही, हा मुद्दा तर आणखीच बोलका आहे.

पाचव्या शिलालेखात हीच गोष्ट शासनव्यवस्थेच्या रूपाने येते. राज्याभिषेकाच्या तेराव्या वर्षी अशोकाने धम्ममहामात्र हे नवे अधिकारी नेमले. त्यांनी कोणाच्या हितसुखासाठी राबावे हे सांगताना चाकर आणि धनी, ब्राह्मण आणि धनिक यांच्या जोडीला अनाथ आणि वृद्ध यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. पुढे बंदिवानांचा विषय येतो. ज्याच्या पाठीशी लेकरेबाळे आहेत किंवा जो 'महालक', म्हणजे वयाने थकलेला आहे, अशा कैद्याची तजवीज आणि मुक्तता त्यांनी पाहावयाची होती. या दोन्ही लेखांत आलेला 'पटिविधान' हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. दानासाठी अशोकाजवळ 'दान' हा शब्द होता आणि श्रमण-ब्राह्मणांच्या बाबतीत त्याने तोच वापरला. वृद्धांच्या बाबतीत मात्र त्याने पटिविधान म्हटले. पटिविधान म्हणजे तजवीज, तरतूद, उपाययोजना. दान देणाऱ्यास पुण्य लाभते. तरतूद करणाऱ्याकडे मात्र हिशेब मागता येतो. अशोकाने हा भेद जाणून केला असेल किंवा नसेल, शब्द तरी त्याने वेगळा वापरला आहे.

दिल्ली-टोपरा स्तंभावरील सातव्या लेखात वयोवृद्धांशी नीट वागण्याबरोबरच 'कपण' म्हणजे दीनदुबळ्यांचाही उल्लेख आहे. हा 'कपण' संस्कृत 'कृपण' होय. मुळात त्याचा अर्थ दयनीय, कंगाल असा. मराठीत मात्र कृपण म्हणजे चिक्कू! ज्याच्यापाशी काही नाही त्याच्यासाठीचा शब्द, ज्याच्यापाशी असून तो देत नाही त्याला कसा चिकटला, हा एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

अशोकाने वृद्धांना धान्य न देता सुवर्ण का द्यावे? यात्रेत असलेल्या राजास धान्याच्या गोण्या वाहून नेण्यापेक्षा नाणे सोयीचे, हे एक उत्तर झाले. धान्याची व्यवस्था निराळी होती. गोरखपूर जिल्ह्यातील सोहगौरा येथील ताम्रपट आणि बोगरा जिल्ह्यातील महास्थान येथे १९३१ मध्ये मिळालेला शिलालेख हे दोन्ही सामान्यतः मौर्यकाळातील मानले जातात, आणि दोहोंचा विषय संकटसमयी उघडावयाची कोठारे हाच आहे. कौटिल्यानेही बालक, वृद्ध, आपद्ग्रस्त व अनाथ यांचे पोषण राजाने करावे असे म्हटले आहे. म्हणजे रोख रक्कम की धान्य, हा आज नियोजनकारांच्या बैठकांत गाजणारा वाद मौर्यांच्या राज्यात दोन्ही हातांनी सोडविला जात असावा.

आता पालि वाङ्मयाकडे वळू. संयुत्तनिकायातील ब्राह्मणसंयुत्तात महासाल ब्राह्मणाची कथा आहे. हा एके काळचा गर्भश्रीमंत. जीर्ण वस्त्रांत तो भगवंतांकडे आला. मुलांनी सुनांच्या सल्ल्याने त्याला घराबाहेर काढले होते. भगवंतांनी त्याला काही गाथा शिकविल्या आणि सभा भरली असता, मुले तेथे बसली असता, त्या म्हणावयास सांगितल्या. अशा मुलांपेक्षा हातातली काठी बरी, ती निदान मारका बैल आणि चावरा कुत्रा तरी दूर ठेवते, असा त्यांचा आशय. ब्राह्मणाने तसे केले. मुलांनी त्याला घरी नेले, स्नान घातले, नवी वस्त्रे दिली. या सुत्ताचे निरूपण करताना कृतघ्न मुलांची निंदा करून थांबण्याची प्रथा पडली आहे. आम्हांस त्यातील सभा महत्त्वाची वाटते. भगवंतांनी त्या वृद्धास एकान्तात सांत्वन देऊन परत पाठविले नाही. त्याचे गाऱ्हाणे चारचौघांसमोर मांडविले. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा जो कायदा २००७ मध्ये संमत झाला, त्यातील न्यायाधिकरण हे या सभेचे दूरचे रूप म्हणता येईल. मालमत्ता नावावर करून घेऊन सांभाळ न करणाऱ्याचे हस्तांतर रद्द ठरविण्याची तरतूदही त्यात आहे. महासालाला ती निश्चितच उपयोगी पडली असती.

परंतु ज्याच्यापाशी नावावर करून देण्यासारखे काही नाही, आणि ज्याची मुलेच रोजंदारीवर जगतात, त्या वृद्धाचे काय? तेथे कुटुंबाकडे बोट दाखवून भागत नाही. सार्वजनिक वाटपाचाच प्रश्न येतो. वाटपाविषयी चुल्लवग्गात जे प्रकरण आहे ते फार वाचनीय आहे. राजगृहात दुर्भिक्ष पडले. लोकांना सर्व संघास भोजन देणे परवडेना. तेव्हा ठराविक संख्येस भोजन, निमंत्रणाचे भोजन, पक्षातून एकदा द्यावयाचे भोजन आणि सलाकभत्त, म्हणजे शलाकेवर मिळणारे भोजन, अशा प्रकारांस भगवंतांनी अनुमती दिली. ही शलाका म्हणजे चिठ्ठीसारखी काडी. आपल्या शिधापत्रिकेची पणजी म्हणा. लागलीच छब्बग्गिय भिक्खूंनी उत्तम भोजने स्वतःकडे ठेवून निकृष्ट भोजने इतरांकडे ढकलण्यास प्रारंभ केला. यावर उपाय म्हणून भत्तुद्देसक, म्हणजे भोजनाचे वाटप करणारा, नेमण्यात आला. त्याचे निकष पाहण्यासारखे आहेत. त्याने आवडीने, द्वेषाने, मोहाने किंवा भयाने वाट सोडू नये. कोणाला दिले आणि कोणाला दिले नाही, हे त्याला ठाऊक असावे. आणि एवढ्यावरही विश्वास न ठेवता, शलाकांवर किंवा पट्टिकांवर खूण बांधून त्या एकत्र मिसळाव्यात व मग वाटाव्यात, असा नियम केला. ही व्यवस्था संघापुरती होती, सामान्य वृद्धांसाठी नव्हती, हे आम्ही विसरत नाही. तथापि वाटणाऱ्याच्या सद्गुणावर न विसंबता वाटण्याची पद्धतच पक्षपातास जागा देणार नाही अशी घडवावी, ही दृष्टी आजच्या रास्त भाव दुकानालाही लागू पडते.

पाचव्या शतकाच्या आरंभी पाटलिपुत्रास आलेला चिनी भिक्खू फाहियान याने तेथील वैश्य प्रमुखांनी चालविलेल्या दानगृहांचे वर्णन केले आहे. देशभरातील दरिद्री, अनाथ, विधुर, निपुत्रिक व अपंग तेथे येत. वैद्य त्यांना तपाशीत आणि त्यांच्या प्रकृतीस योग्य असे अन्न व औषध देत. त्यानंतरच्या अनेक शतकांतील अन्नछत्रे, धर्मशाळा, देवस्थानांचे महाप्रसाद यांचा इतिहास मोठा आहे. परंतु पंगत कोणाची आणि उष्टे कोणाचे हा प्रश्न तेथे सुटलेला नव्हता, एवढे नोंदवून आम्ही पुढे जातो.

इंग्रजी अमलात १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता तयार झाल्या. त्यांचे सूत्र असे की धडधाकट माणसाने खडी फोडावी व मजुरी घ्यावी. वृद्ध, पंगू, निराधार यांस मात्र काम न करता मदत मिळावी. राज्याने असमर्थांचे अन्न लेखी स्वरूपात आपल्या शिरावर घेतल्याचे हे आधुनिक काळातील महत्त्वाचे उदाहरण आहे. पण ही मदत दुष्काळापुरती. आणि याद्या व्हावयाच्या त्या गावातच. गावकुसाबाहेरच्या वृद्धेचे नाव अशा यादीत कितपत सहजपणे येत असेल, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको.

संविधानाने हा प्रश्न दुष्काळाच्या बाहेर आणला. अनुच्छेद ४१ मध्ये बेकारी, आजारपण, विकलांगता यांच्या जोडीने वार्धक्याचाही उल्लेख असून, अशा स्थितीत सार्वजनिक साहाय्याचा हक्क राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत मिळवून द्यावा असे म्हटले आहे. १९ नोव्हेंबर १९४८ रोजी मार्गदर्शक तत्त्वांवर बोलताना बाबासाहेबांनी त्यांचा संबंध आर्थिक लोकशाहीशी जोडला होता. आर्थिक कुवतीची ती मर्यादा मात्र पुढची साडेचार दशके केंद्र सरकारला पुरली! महाराष्ट्राने १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली. तत्पूर्वी १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी आली होती, पण ती राबणाऱ्या हातांसाठी. तामिळनाडूने ऐंशीच्या दशकात शाळेतील मुलांच्या मध्यान्ह भोजनात वृद्ध निवृत्तिवेतनधारकांनाही सामावून घेतले; ही कल्पना इतर राज्यांनी उचलली असती तर बरे झाले असते. शिजलेले अन्न दात नसलेल्या आणि चूल पेटवण्याची ताकद नसलेल्या माणसाला धान्यापेक्षा जवळचे असते.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना आली. ६५ वर्षांवरील निराधारास केंद्राकडून दरमहा ७५ रुपये. १ एप्रिल २००० पासून तिला अन्नपूर्णा योजनेची जोड मिळाली. या योजनेची पात्रता मोठी विलक्षण आहे. निवृत्तिवेतनास पात्र असूनही ज्याला ते मिळत नाही, अशा वृद्धास दरमहा १० किलो धान्य विनामूल्य! एका योजनेच्या अपुरेपणावर दुसरी योजना उभी करावी, आणि तो अपुरेपणा नियमातच लिहून ठेवावा, असा हा प्रकार. त्याच वर्षी २५ डिसेंबरला अंत्योदय अन्न योजना सुरू झाली. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेच्या याचिकेत अंतरिम आदेश देऊन या योजनांचे लाभ सरकारला मागे घेता येणार नाहीत अशी तजवीज केली. निवृत्तिवेतन महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यावे, असेही सांगितले. २ मे २००३ च्या आदेशाने निराधार वृद्ध व विधवांस अंत्योदयात घेण्यास सांगितले. दानाची भाषा येथे प्रथमच हक्काच्या भाषेसमोर मागे सरली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना माणशी ५ किलो व अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य दिले, आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य झाले. निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा २००६ मध्ये २०० रुपये झाला. ८० वर्षांखालील वृद्धांसाठी तो पुढे दीड दशक उलटूनही वाढला नाही. तेवढ्यात दुकानात अंगठ्याचे यंत्र आले. आयुष्यभर भांडी घासलेल्या, विटा वाहिलेल्या बोटांवर रेषा उरत नाहीत, हे त्या यंत्राला कोण सांगणार?

वर्षावासात एका विहारात आम्ही आठव्या शिलालेखावर बोललो. प्रवचन संपल्यावर एक आजी थांबल्या. म्हणाल्या, "सर, तुमच्या त्या राजानं म्हाताऱ्यांचं वय कसं काय ओळखलं? कागद मागितला का?" दीक्षाभूमीवर त्या आईच्या कडेवर होत्या, हे त्यांच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. आधारकार्डावर मात्र त्यांचे जन्मवर्ष १९६४ पडले आहे. योजनेच्या ६५ वर्षांच्या अटीत त्या बसत नाहीत म्हणून अर्ज परत आला. अशोकाच्या लेखांत वृद्धत्वाचा आकडा कोठेही दिलेला नाही. दर्शन आधी आणि तजवीज नंतर, असा त्याचा क्रम आहे, इतकेच आम्ही त्यांना सांगू शकलो. आजी शाळेत गेल्या नव्हत्या, त्यामुळे दाखला मिळण्याचा संभव नव्हता. अखेर विहारातील तरुणांनी त्यांच्या पाठच्या भावाचा शाळा सोडल्याचा दाखला शोधून काढला. त्याचा जन्म १९५९ चा. सरकारी कागदानुसार थोरली बहीण धाकट्या भावाहून पाच वर्षांनी लहान ठरत होती. दोन्ही कागद जोडून त्यांनी नवा अर्ज दिला आहे. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.