निजामशाहीच्या नगरात आलेले परदेशी

परदेशात बिऱ्हाड थाटणे म्हटले, की आज न्यू जर्सी, लंडन, दुबई अशी नावे डोळ्यांपुढे येतात. सोळाव्या शतकात हा प्रवास उलट दिशेनेही होत असे. इराण, तुर्कस्तान, इथिओपिया या देशांतील माणसे सह्याद्री चढून अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) येत. काही नशीब काढायला येत, तर काहींना साखळदंडाने बांधून आणले जाई. त्यांपैकी कोण येथे रुजले आणि कोणाला गाशा गुंडाळावा लागला, याचा इतिहास आजच्या स्थलांतरितांनाही अपरिचित वाटू नये.

मलिक अहमदने १४९० मध्ये बहामनी फौजेचा पराभव करून आपली स्वतंत्र सत्ता उभी केली आणि भिंगारजवळ नवे शहर वसविले. थोड्याच वर्षांत या शहराची तुलना बगदाद आणि कैरोशी होऊ लागली, असे जुन्या बखरकारांचे म्हणणे. त्यात अतिशयोक्ती गृहीत धरली, तरी नव्या राजधानीला कारकून, वैद्य, कवी, गवंडी, तोफा ओतणारे आणि घोडदळाचे सरदार हवे होते, हे खरे. इराणी आखातातील होर्मुझहून निघालेले गलबत चौल किंवा दाभोळच्या बंदराला लागे. चौलहून घाट चढला, की निजामशाहीची राजधानी गाठता येई. दरबारात फारसी चाले, त्यामुळे इराणी माणसाची भाषेवाचून अडचण होत नसे. बाजारात आणि खेड्यापाड्यांत मात्र मराठीवाचून पान हलत नसे.

अशा पाहुण्यांना दोन नावे होती. एक ‘आफाकी’, म्हणजे क्षितिजापलीकडून आलेले. दुसरे ‘गरीब’. मराठीत या शब्दाचा अर्थ निर्धन असा झाला असला, तरी मुळात तो ‘परका’, ‘परदेशी’ या अर्थाचा आहे. दरबारातील अनेक ‘गरीब’ चांगलेच गबर होते आणि हेच स्थानिक मुसलमान सरदारांना, म्हणजे दखनींना, खुपत असे. हा सल जुना होता. मलिक अहमदचा बाप बहामनी दरबारातील दखनी पक्षाचा म्होरक्या होता. मूळच्या इराणी महमूद गावानचा १४८१ मध्ये शिरच्छेद झाला, त्या कारस्थानात त्याचा हात होता. त्याच घराण्याला पुढे परदेशी माणसांवाचून चालेना, हा इतिहासाचा मासला.

शाह ताहिर हा इराणी विद्वान स्वदेशातील राजरोषामुळे परागंदा झाला. विजापूरने त्याची दखल घेतली नाही. तेव्हा परांड्यामार्गे तो १५२२ च्या सुमारास नगरला आला आणि पुढे बुऱ्हाण निजामशाहाचा सल्लागार बनला. त्याच्या प्रभावामुळे सुलतानाने शिया पंथ स्वीकारला, तेव्हा शहरात बंडाळी माजली. रूमी खान हा तुर्की मुलखातून आलेला कारागीर. विजापूरच्या बुरुजावर आज दिसणारी प्रचंड ‘मुलूखमैदान’ तोफ १५४९ मध्ये त्याने नगरातच ओतली.

सर्वांत बोलका आहे तो इतिहासकार फिरिश्ता. त्याचा जन्म कास्पियन समुद्राजवळच्या अस्तराबादचा. राजपुत्र मीरान हुसेनला फारसी शिकविण्यासाठी त्याच्या वडिलांची नेमणूक झाली आणि मुलगा त्यांच्याबरोबर लहानपणीच नगरला आला. वडील लवकरच वारले. परक्या शहरात पोरका झालेल्या या मुलाला मुर्तझा निजामशाहाने आधार दिला आणि पुढे तो सुलतानाच्या पहारेकऱ्यांचा नायक झाला. १५८८ मध्ये मीरान हुसेनने बापाचाच खून करून तख्त बळकावले. त्या धामधुमीत फिरिश्ता वाचला तो केवळ शाळूसोबती म्हणून नव्या सुलतानाने त्याला ओळखले, यामुळे.

वर्षभरातच हा सुलतानही मारला गेला. त्याला मारविणारा मिर्झा खान परदेशी होता आणि त्याचे खापर साऱ्या परदेशीयांवर फुटले. जमाल खानाच्या नेतृत्वाखाली दखनी आणि हबशी जमावाने किल्ल्यात शिरून कत्तल आरंभली. सात दिवसांत सुमारे हजार माणसे मारली गेली, अशी नोंद आहे. जे थोडे वाचले, ते काही दखनी आणि हबशी सरदारांनीच पाठीशी घातले म्हणून. ओळखदेख, शेजार, जुने ऋणानुबंध यांपैकी काय कामी आले, हे बखरी सांगत नाहीत. १५८९ च्या अखेरीस फिरिश्ता विजापूरला गेला. तेथे दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या सांगण्यावरून त्याने आपला प्रसिद्ध इतिहासग्रंथ लिहिला.

मारणाऱ्यांत हबशी कसे, असा प्रश्न पडेल. तेही परदेशीच होते. फरक होता तो येण्याच्या रीतीत. इराणी माणूस मोकळा येई, नातेवाइकांना बोलावून घेई आणि दरबार बदलला तर दुसरीकडे जाई. हबशी गुलाम म्हणून येत. घरदार, भाषा, नाव सारे मागे तुटलेले असे. परतीची वाट नसल्यामुळे ते इथल्याच लोकांत मिसळले आणि दखनी पक्षाचे झाले.

मलिक अंबर हा त्याचा ठळक दाखला. इथिओपियात जन्मलेला हा मुलगा अनेकदा विकला जाऊन बगदादमार्गे नगरला पोहोचला. त्याला विकत घेणारा निजामशाही वजीर चंगेझ खान हा स्वतः एके काळचा हबशी गुलाम. मालकाच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला. त्यानेही काही वर्षे विजापूरकरांची चाकरी केली. पण तो परत आला. १६०० मध्ये मोगलांनी नगरचा किल्ला घेतल्यावर बुडती निजामशाही त्यानेच सावरली, ती मराठा घोडदळाच्या आणि गनिमी काव्याच्या बळावर. जमिनीच्या प्रतीनुसार सारा ठरविण्याची त्याची पद्धत पुढेही नावाजली गेली. १६१० मध्ये त्याने खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), वसविले.

नगर शहरापासून जवळच असलेल्या भातवडी येथे १६२४ मध्ये त्याने तलावाचे पाणी सोडून मोगल आणि आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेची छावणी चिखलात रुतविली आणि तिचा धुव्वा उडविला. त्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे आणि त्यांचे बंधू शरीफजी लढत होते. शरीफजी तेथेच कामी आले. अंबर १६२६ मध्ये वारला. त्याची कबर खुलताबादला आहे.