कोअर व्यायाम व हौशी बास्केटबॉल

कोअर व्यायाम म्हणजे धडाच्या मध्यभागातील स्नायूंची ताकद, दम आणि समन्वय वाढविण्यासाठी केले जाणारे व्यायाम होत. बास्केटबॉलमध्ये उडी मारताना, झटकन वळताना आणि प्रतिस्पर्ध्याचा धक्का सोसताना हे स्नायू धड स्थिर ठेवतात. हौशी खेळाडूंच्या सरावात त्यांना पूरक स्थान आहे. मात्र केवळ या व्यायामांनी उडीची उंची किंवा धावण्याचा वेग फारसा वाढत नाही.

रचना व कार्य

पोटाचे सरळ, तिरकस व आडवे स्नायू, कण्यालगतचे पाठीचे स्नायू, वरच्या बाजूचे श्वासपटल आणि तळाशी असलेले श्रोणितळाचे स्नायू यांचा कोअरमध्ये समावेश होतो. नितंबाचे स्नायूही बहुधा यातच धरले जातात. हात किंवा पाय हलण्याच्या किंचित आधी पोटाचा आडवा स्नायू आकुंचन पावतो, असे पॉल हॉजेस व कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९०च्या दशकात प्रयोगांनी दाखविले. या स्नायूंचे मुख्य काम हालचाल घडविण्यापेक्षा नको असलेली हालचाल रोखण्याचे असते.

खेळातील महत्त्व

बास्केटबॉलचे कडे जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर असते. त्या दिशेने चेंडू फेकताना पायांनी जमिनीवर लावलेला जोर धडामार्गे हातापर्यंत पोहोचतो. उडीनंतर एका पायावर उतरताना धड बाजूला कलंडल्यास गुडघा आत वळून त्याच्या अस्थिबंधांवर ताण येऊ शकतो. बोहदाना झझुलक व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये महाविद्यालयीन खेळाडूंवरील अभ्यास प्रसिद्ध केला. धडावरील नियंत्रण कमी असलेल्या महिला खेळाडूंना गुडघ्याच्या दुखापतीचा धोका अधिक असल्याचे त्यात आढळले.

कामगिरीवरील परिणाम

कोअर व्यायामांनी धडाच्या स्नायूंची ताकद व दम वाढतो. या वाढीचा खेळातील कामगिरीशी असलेला संबंध मात्र मर्यादित आहे. प्रीस्के, म्यूलबाउअर व ग्रानाखर यांनी २०१६ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. प्रशिक्षित व्यक्तींच्या शारीरिक क्षमतेत धडाच्या ताकदीचा वाटा लहान असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. हे विश्लेषण प्रशिक्षितांचे असल्याने तो निष्कर्ष नवख्या हौशी खेळाडूंना जसाच्या तसा लागू करता येत नाही. उडी व वेग वाढविण्यासाठी उठाबशा, उड्यांचा सराव आणि छोट्या अंतराच्या वेगवान धावा आवश्यक ठरतात.

व्यायामप्रकार

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांनी पुढील तीन व्यायामांचा पुरस्कार केला :

- कर्ल-अप : पाठीवर निजून, कंबर न वाकवता डोके व खांदे किंचित उचलणे.
- साइड ब्रिज : एका कुशीवर, कोपराच्या आधाराने शरीर सरळ तोलणे.
- बर्ड-डॉग : हातगुडघ्यांवर राहून विरुद्ध बाजूंचा हात व पाय लांबविणे.

यांत एकच स्थिती दीर्घकाळ धरण्याऐवजी सुमारे १० सेकंदांच्या आवृत्त्या केल्या जातात. पालथे राहून शरीर सरळ तोलण्याचा प्लँक हा प्रकारही प्रचलित आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ

मुंबईतील नागपाडा हे बास्केटबॉलचे जुने केंद्र आहे. भारतीय संघाचे माजी कर्णधार व १९७०च्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी अब्बास मुंतसिर हे तेथलेच. शाळा-महाविद्यालयांच्या उघड्या, सिमेंटच्या मैदानांवर खेळणाऱ्यांना प्रशिक्षक किंवा व्यायामशाळा नेहमीच उपलब्ध नसते. अशा वेळी साधनांविना करता येणारे हे व्यायाम सोयीचे ठरतात. धड स्थिर ठेवण्याचे तत्त्व पारंपरिक व्यायामांतही दिसते. सूर्यनमस्कारात हातापायांवर शरीर सरळ तोलण्याची स्थिती प्लँकशी मिळतीजुळती आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट दादा देवधर यांनी पुनरुज्जीवित केलेल्या मल्लखांबातही धडाच्या स्नायूंचा कस लागतो.

दक्षता

व्यायामादरम्यान श्वास रोखून धरू नये. कंबर खचू लागल्यास आवृत्ती तेथेच थांबवावी. पाठदुखी पायात उतरत असल्यास किंवा पायाला बधिरपणा आल्यास व्यायाम बंद करून डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक असते.

हे सुद्धा पहा

- बास्केटबॉल
- मल्लखांब
- सूर्यनमस्कार