थांबलेले घड्याळ आणि त्याला फिरवणारी पेटी

कपाटाच्या खणात वर्षानुवर्षे पडून असलेले वडिलांचे वा आजोबांचे ऑटोमॅटिक घड्याळ मनगटावर बांधले, की ते चालू लागते. त्याला चावी द्यावी लागत नाही, सेल घालावा लागत नाही. काढून ठेवले की दीड-दोन दिवसांत ते पुन्हा थांबते. असे घड्याळ न वापरताही चालते राहावे म्हणून जी लहानशी फिरती पेटी मिळते, तिला ‘वॉच वाइंडर’ म्हणतात. ही केवळ श्रीमंतांची हौस, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तिची गरज का निर्माण झाली हे पाहू लागलो, तर अडीचशे वर्षांचा यंत्रविद्येचा इतिहास समोर येतो, आणि त्यातले एक प्रकरण आपल्या देशात घडलेले आहे.

आपोआप चावी भरणाऱ्या घड्याळाचा विश्वसनीय आरंभ स्वित्झर्लंडमधील ल लोक्ल या गावी झाला. तेथील कारागीर अब्राहम-लुई पेरले याने १७७६-७७ च्या सुमारास खिशातल्या घड्याळात वरखाली हलणारे एक वजन बसवले. पंधरा मिनिटे चालले, तर घड्याळ आठ दिवस पुरेल इतकी स्प्रिंग भरते, अशी नोंद जिनिव्हाच्या कलासंस्थेने १७७७ मध्ये केली. पुढच्याच वर्षी लिएजच्या ह्युबर्ट सार्तों याने अक्षाभोवती पूर्ण फिरणाऱ्या वजनाची रचना फ्रान्सच्या विज्ञान अकादमीकडे पाठवली. कल्पना उत्तम होती, जागा मात्र चुकीची होती. खिशातले घड्याळ फारसे हलतच नाही. त्यामुळे ही विद्या शतकभर मागे पडली.

मनगटी घड्याळ रूढ झाले, तेव्हा ती पुन्हा जागी झाली. जॉन हारवूड या इंग्रज कारागिराने १९२३ मध्ये आपल्या रचनेचे पेटंट घेतले. त्याचे वजन पूर्ण फिरत नसे. ते ठरावीक मर्यादेत झुलून दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांवर आदळत असे. पूर्ण भरलेले घड्याळ जेमतेम बारा तास चाले. जागतिक मंदीत १९३१ मध्ये हारवूडची कंपनी बुडाली. त्याच सुमारास रोलेक्सने ३६० अंश फिरणारा रोटर आणला आणि घड्याळ दीड दिवसाच्या जवळपास चालू लागले. १९४८ मध्ये इटर्ना कंपनीने रोटरला पाच सूक्ष्म गोळ्यांचे बॉल बेअरिंग दिले. घर्षण आणि झीज दोन्ही कमी झाली.

या रचनेचा लाभ सोयीपुरता नाही. स्प्रिंग उतरत गेली, की संतुलन चक्राचा झोका लहान होतो आणि घड्याळाची गती बदलते. अंगावरचे ऑटोमॅटिक घड्याळ स्प्रिंगला सतत भरल्यासारखे ठेवते, म्हणून त्याची चाल अधिक समान राहते. स्प्रिंग अति ताणली जाऊन तुटू नये, यासाठी तिचे बाहेरचे टोक डबीला पक्के जोडलेले नसते. स्प्रिंग पूर्ण भरली, की ते टोक डबीच्या भिंतीवरून घसरते.

मग वाइंडर कशासाठी? १९६२ मध्ये पाटेक फिलिपने बारमाही पंचांग दाखवणारे ऑटोमॅटिक मनगटी घड्याळ नियमित उत्पादनात आणले. तीस-एकतीसचे महिने आणि लीप वर्षाचा फेब्रुवारी ते स्वतःच ओळखते. असे घड्याळ महिनाभर थांबले, तर वार, तारीख, महिना आणि चंद्रकला बारीक कळी दाबून क्रमाने जुळवाव्या लागतात. तारीख बदलण्याच्या वेळी ही कळ दाबली, तर दाते मोडू शकतात. अशा घड्याळाला थांबू न देणे हेच श्रेयस्कर. साध्या तारखेच्या घड्याळाला मात्र वाइंडरची खरी गरज नसते.

चांगल्या वाइंडरची कसोटी गणिताने समजते. बहुतेक घड्याळांना दिवसाला साधारण ६५० ते ९०० फेरे पुरतात. मिनिटाला दहा फेरे धरले, तर ८०० फेऱ्यांना ८० मिनिटे लागतात. दिवसाच्या १,४४० मिनिटांपैकी उरलेली १,३६० मिनिटे यंत्राने स्वस्थ बसायचे असते. हलक्या प्रतीची पेटी अखंड फिरत राहते, स्प्रिंगचे टोक डबीत घासत राहते आणि तेथील वंगण झिजते. दुसरी बाब गुरुत्वाकर्षणाची. घड्याळ उभे ठेवून सावकाश फिरवले, तरच रोटर खाली लटकून राहतो आणि घड्याळ त्याच्याभोवती फिरते. आडवे फिरवले, तर रोटर घड्याळाबरोबरच फिरू शकतो आणि स्प्रिंग भरत नाही. तिसरी बाब चुंबकत्वाची. मोटरमधील चुंबक घड्याळाच्या फार जवळ असेल, तर केसासारख्या बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे धावू लागते. म्हणून मोटर दूर बसवणे किंवा तिला मऊ लोखंडाचे आवरण देणे आवश्यक ठरते. लाकडाची चकाकी आणि मखमल यांचा क्रम याच्या नंतर येतो.

आता आपल्याकडे वळू. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्सने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. पुढे श्रीनगर, तुमकूर आणि राणीबाग येथेही उत्पादन झाले. ‘जनता’ हे चावीचे घड्याळ, तर ‘रजत’ आणि ‘कांचन’ ही ऑटोमॅटिक. अवजड यंत्रे घडवणारी ही संस्था मिलिमीटरच्या अंशात मोजावे लागणारे सुटे भाग बनवू लागली. परंतु १९६९ मध्ये जपानमध्ये क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आले होते, आणि १९८४ मध्ये स्थापन झालेल्या टायटनने भारतीय बाजाराचा कल पालटला. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली.

काल मोजण्याची विद्या देशातून गेली, असे मात्र नाही. नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आण्विक घड्याळांच्या आधारे भारतीय प्रमाणवेळ राखते. २९ मे २०२३ रोजी प्रक्षेपित झालेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात देशी बनावटीचे रुबिडियम घड्याळ बसवले गेले. पहिल्या पिढीच्या दिशादर्शक उपग्रहांत आयात घड्याळे निकामी झाल्याचा अनुभव त्यामागे होता. अचूक घड्याळ स्वतः करता आले पाहिजे, हा १९६१ चा आग्रह येथे नव्या रूपात दिसतो. हातांचे कौशल्य मात्र असे आपोआप पुढे येत नाही. ते शिकणारा माणूस लागतो.

म्हणून एक व्यवहार्य सूचना. घरात जुने ऑटोमॅटिक घड्याळ असेल, तर ते थेट वाइंडरवर चढवू नका. दहा-वीस वर्षांत तेल सुकलेले असते, आणि सुकलेल्या तेलावर फिरणारे यंत्र स्वतःलाच खात जाते. आधी ते जाणत्या घड्याळजीकडे न्या, उघडून स्वच्छ करवून घ्या. विद्यार्थी असाल, तर त्यांच्या परवानगीने तासभर शेजारी बसा, ते काय करतात ते पाहा, विचारा, लिहून ठेवा. घड्याळ चालते ठेवायला पेटी मिळते. त्या हातांतले ज्ञान चालते ठेवण्याचे काम मात्र तुम्हाआम्हालाच करावे लागेल.