स्कोप नसलेले गोलंदाज : खांदेरी, १६७९

काउंटर-स्ट्राइकवर वाढलेल्या मंडळींना अंतराची पर्वा नसते. तिथे गोळी खाली पडत नाही, क्रॉसहेअर जिथे तिथेच लागते. पुढे पब्जी आलं आणि आपल्याला झिरोइंग शिकावं लागलं. समोरचा किती मीटरवर आहे ते ओळखा, स्कोप तेवढ्याला लावा, मग ट्रिगर. मिल-डॉटची रेघ असली तर हिशोब सोपा: मीटरमधली उंची गुणिले हजार, भागिले मिल. १.७ मीटरचा माणूस २ मिल दिसला तर तो ८५० मीटरवर.

आता हाच प्रश्न ३४० वर्षं मागे न्या. अलिबागला जाताना वडखळच्या पुढे धरमतरचा पूल लागतो. खालची खाडी म्हणजे अंबा नदीचं मुख. जुन्या इंग्रजी कागदांत हीच नागोठण्याची खाडी. १६७९ च्या पावसाळ्याच्या शेवटी शिवाजी महाराजांनी या खाडीच्या मुखाबाहेर, थळसमोरच्या खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला. मुंबईच्या तोंडावरच! इंग्रज हादरले आणि त्यांनी बेटाभोवती जहाजं आणून उभी केली.

त्यांच्या तोफजीकडे काय होतं? डोळा, अनुभव आणि तोफेच्या बुडाखाली सारायची लाकडी पाचर. पाचर आत-बाहेर केली की तोंड वरखाली. बस, हाच त्याचा स्कोप. गोळा हवेत दोन सेकंद राहिला तर जवळपास वीस मीटर खाली येतो, म्हणजे अंतर चुकलं की सगळंच चुकलं. त्यात जहाज डुलतंय. एक अंश म्हणजे साधारण साडेसतरा मिल, एक किलोमीटरवर सतरा मीटरचा फरक! (लाटेवर एक अंश म्हणजे काहीच नाही, बोटीने मांडव्याला गेलेल्यांना विचारा.)

उपाय एकच, गोळा पाण्यात कुठे पडला ते बघून पुढचा सुधारायचा. लक्ष्य बेट असेल तर हे जमतं. पण तोफ पुन्हा भरेपर्यंत मिनिटं जातात आणि समोरून वल्ह्यांचं गलबत ताशी आठ किलोमीटरनी येत असेल तर दर मिनिटाला सव्वाशे मीटरहून जास्त अंतर कमी होतं. आपल्या भाषेत, कॅश शिळा झालेला असतो.

दौलतखानाच्या आरमाराने नेमकं हेच साधलं असं मला वाटतं. १८ ऑक्टोबर १६७९ (इंग्रजांच्या तेव्हाच्या कॅलेंडरप्रमाणे) मराठी गलबतं चौलच्या बाजूने नाळेवरच्या तोफा डागत इतक्या वेगाने आली, की इंग्रजांना नांगर उचलायलाही जेमतेम वेळ मिळाला. अंतर मोजायचं कशाला, संपवूनच टाकायचं! अर्ध्या तासाच्या आत 'डोव्हर' नावाच्या गुराबाने निशाण उतरवलं. बाकीची बरीचशी जहाजं पळाली.

पण गोष्ट इथे संपत नाही. कॅप्टन मिंचिन आणि केग्विन यांची 'रिव्हेंज' एकटी टिकून राहिली. जवळ आल्यावर मराठ्यांचा अंतराचा प्रश्न सुटला तसा तिचाही सुटला की! नेम न धरताही लागेल इतक्या जवळून तिने तोफा चालवल्या. पाच गलबतं बुडवली असं इंग्रज सांगतात (आकडा त्यांचा, तेव्हा जरा हात राखून घ्या). मराठी आरमार नागोठण्याच्या खाडीकडे वळलं. 'रिव्हेंज'ने पाठलाग केला, पण उथळ पाण्यात तिला शिरता येईना. गेममध्ये दगडामागे लपतो ना आपण, तसा तो गाळ. पुढे हेच आरमार तिथून पुन्हा बाहेर पडलं.

दरम्यान रसद घेतलेल्या छोट्या होड्या रात्री खांदेरीला पोचतच होत्या. अंधारात हलत्या होडीचं अंतर कोण काढणार? १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी नाद सोडला. बेट मराठ्यांकडे राहिलं.

त्याच जानेवारीत सिद्दी कासमने शेजारचं उंदेरी बेट घेतलं आणि तिथून खांदेरीवर तोफा सुरू केल्या. खांदेरीहूनही उत्तर मिळू लागलं. इथे मात्र दोन्हीकडचे तोफजी खडकावर उभे. डुलणं नाही आणि अंतरही बदलणार नाही. पाचर एकदा नीट बसली की तिच्यावर खूण करून ठेवायची, एवढंच.