पूर्वजांच्या नोंदी : आपल्या इतिहासाचे उपेक्षित साधन

दीघनिकायातील अम्बट्ठसुत्तात कुळाचा प्रश्न मार्मिकपणे आलेला आहे. अम्बट्ठ नावाचा ब्राह्मण तरुण शाक्यांना हीन लेखतो, तेव्हा तथागत त्याचे गोत्र विचारतात आणि त्याच्या गोत्राचा मूळपुरुष कण्ह हा ओक्काक राजाच्या दिसा नामक दासीचा पुत्र होता, हे दाखवून देतात. परंतु सोबतचे तरुण अम्बट्ठाची निर्भर्त्सना करू लागताच तथागत त्यांना आवरतात. तो कण्ह पुढे थोर ऋषी झाला, असे सांगतात. कुळाचा अहंकार नको, तशीच पूर्वजांची लाजही नको, असा दुहेरी बोध आम्ही या सुत्तातून घेतो.

दि. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपण जात टाकली. मग जुन्या दप्तरांत 'महार' म्हणून लिहिलेल्या पणजोबांचा शोध कशासाठी, असे अनेक उपासक विचारतात. व्यवहाराचे उत्तर सर्वांस ठाऊक आहे. अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना केंद्राच्या स्तरावर १९९० च्या कायद्याने मिळाल्या आणि जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. परंतु त्याहून मोठे उत्तर इतिहासाचे आहे. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांनी ज्यांच्या वंशावळी वहीत उतरविल्या, त्यांत आपले पूर्वज सहसा नव्हते. त्यांची नावे उरली ती सरकारी दप्तरांत.

यांत प्रथम स्थान गावच्या जन्ममृत्यू नोंदवहीचे. हिलाच गाव नमुना १४, कोतवाल-बुक किंवा विदर्भात कोतवाल-पंजी म्हणतात. नाव, बापाचे नाव, जात, तारीख आणि मृत्यूचे कारण अशी तिची रचना असते. आडनाव बहुधा नसते. म्हणून गाव, बापाचे नाव आणि भावंडांच्या नोंदी जुळवूनच ओळख पटवावी. मरणाची वार्ता पोचविणे हे महाराच्या गावकीचे काम होते आणि विदर्भात कोतवालही पुष्कळदा याच समाजाचा असे. ज्याने वार्ता आणली, त्याला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, हे या वहीचे वाचन करताना विसरू नये.

या वह्या मुख्यतः तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतात. अर्जात गाव, नाव, नाते आणि अंदाजे वर्ष लिहून प्रमाणित नक्कल मागावी. वर्ष ठाऊक नसल्यास पटकी, प्लेग किंवा १९१८ ची इन्फ्ल्युएंझाची साथ अशा घरात सांगितल्या जाणाऱ्या घटनांवरून ते ठरविता येते. १९६९ च्या कायद्यानंतरच्या नोंदी ग्रामपंचायतीत वा नगरपालिकेत पाहाव्या. जुनी पाने मोडीत असतात, तर निजामी अमलातील मराठवाड्याचे दप्तर बहुतांशी उर्दूत आहे. तेथे जाणकाराचे साहाय्य घ्यावे.

दुसरे साधन शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी झालेल्या प्रवेशाची 'भिवा रामजी आंबेडकर' ही नोंद सर्वश्रुत आहे. तोच दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. मात्र शाळेतील जन्मतारीख जपून घ्यावी. १ जून ही तारीख कित्येकदा गुरुजींनी सोयीसाठी घातलेली असते. तिसरे साधन वतनाचे कागद. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. त्या वेळच्या फेरफार नोंदींत वतनदारांची व वारसांची नावे सापडतात.

एकाच घराण्यात आजोबांपुढे 'महार' व नातवापुढे 'बौद्ध' अशी नोंद आढळते. या दोन शब्दांमधील अंतर म्हणजेच आपल्या धम्मक्रांतीचा लेखी पुरावा होय. तो खोडू नये, लपवू नये. कागद जीर्ण होत आहेत आणि नाती सांगणारी वृद्ध माणसे निघून जात आहेत. प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीतील कुटुंबांच्या नकला एकत्र करून एक संग्रह सिद्ध करावा, अशी आमची धम्मबांधवांस विनंती आहे.