कोल्ह्याची शिकार आणि ठासणीची बंदूक (वसई-विरार)

कोल्ह्याची शिकार, ठासणीच्या बंदुकीने : तोंडाकडून दारू आणि छर्रे ठासून भरायच्या बंदुकीने, शेतराखणीसाठी किंवा हौसेखातर, कोल्हा मारण्याची जुनी रीत. भारतात आज हा गुन्हा आहे. उत्तर अमेरिकेत अशाच बंदुकीने कायोटी हा कोल्ह्याचा भाऊबंद मारतात आणि तिथल्या अनेक राज्यांत त्याच्या शिकारीला बाराही महिने मोकळीक असते. कायोटी आपल्याकडे नाही. वसई-विरारच्या खाजणात त्याची जागा सोनेरी कोल्ह्याने (कॅनिस ऑरियस) घेतली आहे.

नावाचा घोळ आधी सोडवलेला बरा. इसापाच्या गोष्टीत द्राक्षांना आंबट म्हणणारा प्राणी आपण ‘कोल्हा’ केला, पण त्याच्या जवळचा आपल्याकडचा प्राणी म्हणजे खोकड. कोल्हा लांडगा आणि कुत्रा यांच्याच प्रजातीतला, साधारण ८ ते १० किलो वजनाचा, बहुधा जोडीने राहणारा. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण ज्याने केली त्याने आपल्या मळ्यात पहाटे जाऊन पाहिलेले असणार. काकडी, कलिंगड, ऊस, बोरे, कोंबडी यांतले त्याला काहीच वर्ज्य नाही. वैतरणा आणि वसई या दोन खाड्यांच्या काठची खारफुटी आणि मिठागरे हा त्याचा दिवसाचा आडोसा. तिथे चिंबोऱ्या, उंदीर, मेलेली मासळी मिळते. पश्चिम पट्ट्यातल्या केळीच्या आणि भाजीच्या वाड्या तिथून फार लांब नाहीत.

ठासणीची बंदूक काडतुसाच्या आधीची. मोजलेली काळी दारू नळीत ओतायची, तिच्यावर काथ्याचा किंवा चिंधीचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे, ते घरंगळू नयेत म्हणून पुन्हा बोळा. शेवटी घोड्याखाली केप, म्हणजे मसाल्याची छोटी टोपी, बसवायची. चाप ओढला की घोडा केपेवर आपटतो, ठिणगी आत जाते आणि बार होतो. घाव बसताच पेटणाऱ्या मसाल्याची ही युक्ती अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याची. त्याचे पेटंट १८०७ चे, केप त्यानंतर आली. त्याहून जुन्या तोड्याच्या बंदुकीत जळता तोडा रंजकीला लावावा लागे आणि पावसात तो विझला की बंदुकीची काठी होई. भरण्यात क्रम चुकला, छर्रे आधी आणि दारू नंतर पडली, तर बार होत नाही. एकदा भरलेली विसरून दुसऱ्यांदा भरली तर नळी फुटून हाताची बोटे जाऊ शकतात.

काळ्या दारूत वजनाने सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असते. बारानंतर पांढऱ्या धुराचा पडदा उभा राहतो. नेम लागला की नाही, हे धूर विरल्यावर कळते. नळीत उरलेली काजळी हवेतली ओल ओढते. वसईच्या खाऱ्या, दमट हवेत न धुतलेली नळी लवकर गंजते. ती गरम पाण्याने धुवावी लागते, कारण काजळीतले क्षार पाण्यातच विरघळतात, तेल नंतर लावायचे. गुळगुळीत नळीतून सुटलेले छर्रे पसरत जातात, त्यामुळे ३०-३५ मीटरच्या पलीकडे भरवसा नाही. एकनळी असेल तर संधीही एकच, पुन्हा भरेपर्यंत कोल्हा खाजण गाठतो.

म्हणूनच राखणीत या बंदुकीचा खरा उपयोग आवाजाचा होता, असे म्हणावे लागते. नुसती दारू ठासून बार काढला तरी जनावर पळते आणि छर्रे वाचतात. शिवाय कोल्ह्याचे मांस सहसा कोणी खात नाही. कोकणात ठासणीच्या बंदुकीचे नाव निघते ते रानडुकरासाठी. भाषेत मात्र ती पक्की रुजली. लग्नाचा बार उडतो, कुणाचा बार फुसका निघतो.

दारूची ओळख वसईला जुनीच आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पाच्या मराठा फौजेने पोर्तुगीजांचा किल्ला घेतला तो तटाखाली सुरुंग पेरून. पुढे इंग्रज साहेबांनी कोल्ह्याचा पाठलाग केला तो घोड्यावरून, विलायती कुत्र्यांच्या टोळ्या सोडून. मुंबईत त्यासाठी ‘जॅकल क्लब’ होता. विलायतेत अशा पाठलागाच्या मुलखात फॉक्सवर बंदूक चालवणे असभ्य समजत. बंदूक साहेबाच्या लेखी शेतकऱ्याची.

कायद्यालाही ती शेतकऱ्याची वाटते. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. पण परवाना बंदुकीचा असतो, जनावराचा नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि कोल्हा पहिल्या अनुसूचीत गेला. या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक मारण्याची परवानगी देऊ शकतो. पिकाची नासाडी हे कारण तिथे चालत नाही. शिक्षा ३ ते ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. तुंगारेश्वर अभयारण्यामुळे वसईकरांना आणखी एक अट लागते: अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय मिळत नाही. काकडी खाल्ल्याबद्दल कोल्ह्याला मारण्याची वाट अशी दोन्ही बाजूंनी बंद झाली, आणि ते योग्यच झाले. खाजणातले उंदीर खाणारा दुसरा राखणदार शेतकऱ्याला फुकट मिळत नाही.

 

कोल्ह्याकडून माणसाला खरा धोका रेबीजचा आहे. २०२४ मध्ये मुंबईत चेंबूर भागातल्या कोल्ह्यात तो आढळला. भर दिवसा माणसांच्या अंगावर येणाऱ्या कोल्ह्याजवळ जाऊ नये, वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी.